घर पाहावे सांजवेळी

यंदाच्या अंकासाठी ‘घर’ हा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा घर बांधणाऱ्यांविषयी, घर सोडून दूरदेशी गेलेल्यांविषयी, फार तर पुनर्विकासात सापडलेल्या जुन्या वाड्यांविषयी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु पुण्यातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अलीकडे ज्या एका घराविषयी आवाज उतरवून बोलले जाते, ते यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. ज्या माणसाने वीस वर्षे हप्ते फेडून स्वतःची वास्तू उभी केली, तोच त्या वास्तूच्या दिवाणखान्यात बसून तिन्हीसांजेला “मला आता घरी सोडा” म्हणत पायांत चपला घालू लागतो, आणि त्याला आवरता आवरता बायको, लेक, सून सगळीच हतबल होतात, तेव्हा त्याच्यासाठी दुसरे घर शोधणे भाग पडते. ते कसे शोधावे, आत गेल्यावर काय पाहावे आणि कशाला भुलू नये, हे समजून घेण्यासाठी सिंहगड रस्त्यापासून तळेगावपर्यंत अशी घरे मी हिंडलो. ती चालविणाऱ्यांशी, तेथे राबणाऱ्या मावशींशी आणि आपले माणूस तेथे ठेवलेल्या नातलगांशी बोललो.

साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेले लासी-डॅड या राष्ट्रव्यापी पाहणीचे अनुमान आहे. त्यांतील फार मोठा भाग घरीच सांभाळला जातो आणि पुढेही जाईल. पण मुले परदेशी, धाकटी पिढी दिवसभर नोकरीत आणि सांभाळणारी पत्नी स्वतःच पंचाहत्तरीची, अशी कुटुंबे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्याच गरजेतून भाड्याच्या बंगल्यांत ही निवासी केंद्रे उभी राहिली आहेत.

उशिरा सुरू झालेला शोध

सावकाश विचार करून या शोधाला लागलेले कुटुंब मला क्वचित भेटले. बहुतेकांना एखाद्या रात्रीने घराबाहेर काढले होते: वडील पहाटे दोन वाजता स्वारगेटच्या फलाटावर सापडले, आईने गॅस उघडा ठेवून दार लावून घेतले, किंवा न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला आणि “परवा सुट्टी देतोय, पुढची तजवीज करा,” असे इस्पितळाने सांगितले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागोमाग चालत गर्दीत हरवतात; तो प्रसंग पाहून हळहळलेल्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांना तसाच शोध स्वतः घ्यावा लागला आहे. अशा धक्क्यानंतर दोन दिवसांत जी जागा मिळेल ती पत्करली जाते, आणि वर्षानुवर्षांचा निवारा लग्नाच्या कार्यालयाइतकीही चौकशी न करता ठरतो.

विसराळूपणामुळे कुटुंब मोडकळीस येत नाही. आईने तोच प्रश्न वीस वेळा विचारला, तरी माणसे वीस वेळा उत्तर देतात. कुटुंब खचते ते झोपेवाचून. रोगी रात्रभर येरझारा घालतो, कपाटे उपसतो, दाराच्या कड्या वाजवितो, आणि सांभाळणाऱ्याच्या डोळ्याला महिनोन्‌महिने डोळा लागत नाही. नर्सिंग ब्युरोची बाई ठेवून पाहावी, तर रोगी अंघोळीला हात लावू देत नाही म्हणून ती आठवड्यात निघून जाते. ज्या लेकीसुनांनी मला मनमोकळेपणी हकीकत सांगितली, त्यांनी निर्णयाची घटका सांगताना हटकून रात्रीचाच उल्लेख केला.

तरीही जागा पाहण्याआधी एक पायरी चुकवू नये. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदता, औदासीन्य, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, यांमुळेही स्मृती ढासळते, आणि ही कारणे उपचारांनी पुष्कळ अंशी सुधारण्याजोगी असतात. बरा चाललेला वृद्ध दोन-तीन दिवसांत एकाएकी भरकटला, तर बऱ्याच वेळा लघवीचा जंतुसंसर्ग निघतो. या तपासण्या झाल्याखेरीज ‘आता वयच झाले’ हा निवाडा कोणी देऊ नये.

घरी सांभाळण्याची ताकद वाढविता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच सामान्य शिक्षणाच्या व्यक्तींना शिकवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सहा महिने घरोघर पाठविण्यात आले. रोग म्हणजे काय, रोगी चिडला तर काय करावे, कोणती सरकारी मदत कशी मिळवावी, एवढेच त्या सांगत आणि ऐकून घेत. तेवढ्यानेही सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले. अशी योजना तालुक्यातालुक्यांत असती, तर निवासी केंद्राचा दरवाजा पुष्कळांना कदाचित उशिराने ठोठावावा लागला असता.

फाटकाच्या आत

पाहायला येणाऱ्यांना केंद्रे सकाळी अकराच्या सुमारास बोलावितात, कारण ती वेळ सर्वांत देखणी असते. अंघोळी उरकलेल्या, केस विंचरलेले, रक्तदाब मोजून झालेला, व्हरांड्यात खुर्च्या मांडून भजने चाललेली. व्यवस्थापक आपल्याला व्यायामाची खोली दाखवितात, भिंतीवरचे वाढदिवसांचे फोटो दाखवितात, बागेतला झोपाळा दाखवितात. हे सगळे असावे, यात वाद नाही. परंतु यावरून त्या जागेची पारख होत नाही.

पारख होते ती सायंकाळी पाच ते आठ या वेळात. प्रकाश उतरू लागला, सावल्या लांबल्या की स्मृतिभ्रंशाच्या अनेक रोग्यांचे मन अस्वस्थ होते. दिवसाचा शीण, अंधुक उजेड आणि शरीरातील घड्याळाचा बिघाड यांमुळे ही बेचैनी वाढते, असे वैद्यक मानते. नेमक्या याच वेळी दिवसपाळीच्या मावशी घरी जाण्याच्या घाईत असतात आणि रात्रपाळीच्या अजून रस्त्यात असतात.

अशाच एका सायंकाळी एका बंगल्यात मी बसलो होतो. एक आजी, पूर्वी शाळेत शिकविणाऱ्या, पदराचा बोळा हातात धरून फाटकाशी उभ्या राहिल्या आणि “मुलं शाळेतून आली असतील, मला जाऊ द्या,” म्हणून कुलूप ओढू लागल्या. मुलांपैकी थोरला साठीच्या पुढे आहे, हे सर्वांना ठाऊक होते. मावशींनी त्यांना ते सांगितले नाही आणि दंड धरून आतही आणले नाही. त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. “मुलांना आल्या आल्या काय लागतं खायला, बाई?” त्यांनी विचारले. थालीपीठ, असे उत्तर आले. मग थोरल्याला लोणी लागते, धाकटी दही मागते, अशी बोलणी करीत दोघी अंगणातून दोन फेऱ्या मारून स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसल्या, आणि मेथीची जुडी आजींच्या मांडीवर आली. आजी पाने खुडू लागल्या. काही पाने कचऱ्यात जात होती, काही देठ परडीत पडत होते, आणि मावशी दोन्ही ढीग आपल्याकडे ओढून, एक शब्दही न बोलता, नंतर नीट निवडीत होत्या. कुलपाची आठवण पंधरा मिनिटांत विरली.

दुसऱ्या एका जागी, जिची इमारत पहिलीपेक्षा कितीतरी ऐसपैस होती, त्याच प्रहरी दिवाणखान्यात मोठा दूरदर्शन संच लावलेला होता, त्यावर हिंदी वृत्तवाहिनीवरचे भांडण चालले होते, आणि समोरच्या खुर्च्यांच्या हातांवर आडवे फळकूट अडकवून माणसांना उठता येणार नाही अशी व्यवस्था केलेली होती. “पडू नयेत म्हणून,” असा खुलासा मिळाला. पडण्याची भीती खरी आहे. परंतु रोज तासन्‌तास खुर्चीत अडकविलेल्या माणसाचे पाय त्या खुर्चीतच निकामी होतात.

न्हाणीघरही पाहावे. पकडायला दांडे आहेत का, फरशी घसरडी नाही ना, हे तर पाहावेच. पण मुख्य प्रश्न असा की अंघोळ कोणत्या रीतीने घातली जाते. ज्या बाईने जन्मभर पाटावर बसून बादलीतले पाणी तांब्याने अंगावर घेतले, तिच्या डोक्यावर अचानक फवारा सोडला, तर तिला कोणीतरी मारते आहे असे वाटते, ती ओरडते, बोचकारते, आणि तिच्या कागदावर ‘आक्रमक’ असा शेरा पडतो. एका केंद्रातील वयस्क मावशींनी मला त्यांची पद्धत सांगितली: पहिले पाणी पायांवर, मग तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा, खांद्यावर टॉवेल राहू द्यायचा, आणि आज नको म्हणाल्या तर उद्या. ही विद्या त्यांना कोणत्या अभ्यासक्रमाने दिली नव्हती. आणि अशी एक बाई जिथे पाच वर्षे टिकली आहे, ती जागा मी डोळे झाकून पसंत करीन.

हात किती, कोणाचे

म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न खोलीच्या आकाराविषयी नसावा. रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात, हा असावा. दिवसाचा आकडा सगळे ठळक सांगतात. रात्रीचा विचारला की उत्तर लांबते. दुसरा प्रश्न, सर्वांत जुनी मावशी किती वर्षांची आहे, म्हणजे वयाने नव्हे, नोकरीने. या कामाला येणाऱ्या बाया मराठवाड्यातून, विदर्भातून, कुठे छत्तीसगड-ओडिशातून आलेल्या असतात, बारा तासांची पाळी करतात, आणि शेजारच्या ब्युरोने थोडे अधिक देऊ केले की जातात. रोग्याला नाव आठवत नसले तरी ओळखीचा आवाज आणि ओळखीचा स्पर्श त्याला धीर देतो. तो हात दर महिन्याला बदलत राहिला, तर त्याला रोज परक्या घरात जाग येते.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नये. उत्तरायुष्यात शिकलेल्या भाषा बहुधा आधी निसटतात आणि बालपणीची उरते. कचेरीत जन्म इंग्रजीत काढलेले गृहस्थ शेवटी मालवणीवर येतात. त्यांना तहान लागली आहे की पोटात दुखते आहे, हे समजणारे निदान एक माणूस पाळीवर हवे.

जेवणाच्या वेळी हजर राहण्याची परवानगी मागावी, आणि ती नाकारणाऱ्या जागेचा विचार सोडून द्यावा. रोग पुढे गेला की गिळण्याची क्रिया बिघडते, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो, आणि एका माणसाला मऊ भात भरवायला पाऊण तास लागू शकतो. त्या पाऊण तासाला जेथे सवड नसते, तेथे नाकातून नळी घालण्याची घाई होते. दर महिन्याच्या वजनाची नोंदवही पाहायला मागितली, तर जेवणाविषयीच्या साऱ्या आश्वासनांची रुजुवात तिथल्या तिथे होते. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळविल्याची नोंद पाहावी, आणि टाचा व माकडहाड यांवरची त्वचाही पाहावी; त्वचेचा बनाव करता येत नाही.

औषधांविषयी स्पष्ट विचारावे. बेचैन रोग्याला शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरील जी औषधे दिली जातात, त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. काही वेळा ती द्यावी लागतात, थोड्या मात्रेत, थोड्या मुदतीपुरती, मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. परंतु भर दुपारी सगळा दिवाणखाना मान टाकून बसलेला दिसला, तर मावशींची उणीव गोळ्यांनी भरून काढली जात आहे, असे खुशाल समजावे.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात, स्मृतिभ्रंशाच्या रोग्याची अवनती केवळ मेंदूच्या झिजेमुळे होत नाही, भोवतालच्या वागणुकीमुळेही होते, असे मांडले. त्याला घाई करणे, तान्ह्या मुलासारखे वागविणे, तो समोर बसलेला असताना त्याच्याविषयी परस्पर बोलणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांनी अपायांत मोजल्या. आपल्याला जागा दाखविणारा व्यवस्थापक वाटेत भेटलेल्या आजोबांशी थांबून दोन शब्द बोलतो, की त्यांच्या डोक्यावरून आपल्याला त्यांचा आजार समजावून सांगतो, हे पाहिले की बाकीचे पुष्कळ कळते.

दाखले, करारनामे, मुखत्यारपत्रे

यांतील काही केंद्रे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत, काही शुश्रूषागृह म्हणून, आणि काहींपाशी गुमास्ता परवान्यापलीकडे काही नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचे, निर्णयशक्तीला बाध आणणारे विकार येतात, आणि अशा रोग्यांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या आस्थापनांनी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावयाची आहे. या कायद्याने रोग्याला एकांतात कोंडणे निषिद्ध ठरविले आहे. बांधून ठेवणे हे तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि लेखी नोंदीनिशी करावयाचे, आणि रोग्याच्या प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावयाचे आहे. नोंदणीचा दाखला मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा संकोच नातलगांना वाटतो. तो बाळगू नये.

करारनामा घरी नेऊन वाचावा. दरमहा शुल्कात काय येते यापेक्षा काय येत नाही, हे महत्त्वाचे. डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका, इस्पितळात असतानाच्या काळातले खोलीभाडे यांचा हिशेब निराळा असतो, आणि रोग बळावला की ‘बेडरिडन’ दर लागू होतो. अनामत रक्कम मृत्यूनंतर किती मुदतीत परत मिळते आणि कोणत्या स्थितीत रोग्याला परत न्यावे लागेल, ही कलमे बारीक अक्षरांत असतात. आरोग्यविमा अशा निवासाचा खर्च सहसा देत नाही. सारा भार पेन्शन, ठेवी आणि मुलांवर.

या ठिकाणी बहुतेक कुटुंबांना एक धक्का बसतो. वडिलांनी शहाणपणाने आधीच कुलमुखत्यारपत्र करून ठेवलेले असते आणि आता बँकेचे व्यवहार त्यावर चालतील, असे सर्व धरून चालतात. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारा मनाने असमर्थ झाला की मुखत्यारीच संपते. जेव्हा त्या कागदाची खरी गरज पडते, नेमका तेव्हा तो निरर्थक होतो. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घेण्याचा मार्ग उरतो. कोमात असलेल्या पतीच्या पालकपदी मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली पत्नीची नेमणूक केली, ती याच मार्गाने. म्हणून ज्यांची समज अद्याप शाबूत आहे, त्यांनी खाती दोघांपैकी कोणालाही चालविता येतील अशी करून, वारसनोंदी तपासून, इच्छापत्र करून मोकळे व्हावे. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची सोय केंद्र कशी करते, हेही विचारून घ्यावे, कारण तो चुकला तर पेन्शन थांबते.

नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली उघडलेले होगेवेक हे स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचे छोटे गाव जगभर वाखाणले गेले. तेथे दुकान आहे, उपाहारगृह आहे, सहा-सात जणांची घरे माणसांच्या पूर्वायुष्यातील राहणीनुसार वाटलेली आहेत, आणि रोगी गल्ल्यांतून मोकळे फिरतात. आपल्याकडील माहितीपत्रकांत त्याची छायाचित्रे दिसतात, पण त्यामागे दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक निधी आहे, हे लिहिलेले नसते. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम काढण्याची तरतूद आहे; स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांसाठी वेगळ्या निवासाची बात त्यात नाही. ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांची सून रात्रभर जागते. ही स्थिती शासनाने बदलावी, एवढी मागणी करण्याइतके मतदार या रोगाने नक्कीच गाठले आहेत.

पोचविल्यानंतर

दाखल करण्याच्या दिवशी काय सांगावे, यावर प्रत्येक घरात खल होतो. ज्यांना समजते त्यांना साधे खरे सांगावे, ज्यांच्या ध्यानी राहत नाही त्यांना पुन्हा पुन्हा वियोगाची बातमी देऊ नये, असे अनुभवी परिचारिका सांगतात, आणि ते मला पटते. सोबत नवी कोरी चादर देण्यापेक्षा जुनी गोधडी, देवांचा तांब्याचा पेला, नेहमीचे तेल द्यावे. आणि एक कागद द्यावा: हाक कोणत्या नावाने मारतात, पूर्वी काय काम करीत, चहा किती गोड, कोणत्या कुशीवर झोप लागते, कशाची भीती, कोणते गाणे. एका केंद्रात हा कागद खाटेच्या डोक्याशी लावलेला होता आणि नवीन आलेली मुलगी भरविण्याआधी तो वाचीत होती.

“आईला ठेवलं का तिकडे?” हा प्रश्न लग्नकार्यांत विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी कोणी एक रात्र येऊन बसलेले नसते. नातलगांच्या मनातली टोचणी मी पाहिली आहे. पण दर बुधवारी न सांगता येऊन आईच्या केसांना तेल लावणारा मुलगाही मी तेथेच पाहिला. घरी असताना तो तिचा पहारेकरी झाला होता, आता पुन्हा मुलगा झालो, असे तो म्हणाला. वारंवार आणि अवेळी येणारे नातलग असलेल्या रोग्याकडे अधिक लक्ष दिले जाते, हे मावशी मोकळेपणाने कबूल करतात.

दिवाळीत भावंडे एकत्र येतात. आई-वडिलांपैकी कोणाचे विसरणे नुकते ध्यानात येऊ लागले असेल, तर भाऊबीजेच्या जेवणानंतर त्यांनाच विचारा: पुढे कुठे राहायला आवडेल, कोणाच्या निर्णयावर तुमचा भरवसा आहे? तीन भावंडांत निर्णय कोणी घ्यायचा, यावर नंतर जी भांडणे होतात, ती त्यांच्या एका शब्दाने टळतात. उपचार आणि दाखल होणे यांविषयी आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दिला आहे. त्यासाठी साधा कागद चालतो, आणि त्यावर सही किंवा अंगठा पुरतो.